कार्बन काढला, पण पाहिला कुणी?

पाऊस ओसरू लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काजू-आंब्याच्या बागांत बेणणी सुरू होते. कमरेएवढं माजलेलं रान कोयत्याने तोडायला आता माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे सकाळी उन्हं यायच्या आतच डोंगरउतारावर ग्रास कटरची घरघर ऐकू येते. ३५ ते ५० सीसीचं इंजिन, लांब दांडा, टोकाला पातं किंवा दोरी. हंगामाच्या मध्यावर या यंत्राची एक तक्रार हमखास येते. मशीन चालू होतं, रिकामं छान फिरतं, पण गवताला लावलं की मरतं.

मग प्लग बदलला जातो. तरी फरक नाही. कार्बोरेटर खोलतात, त्याचं किट बसतं, त्याचे पैसे जातात. मशीन तालुक्याच्या दुकानात पडून राहतं आणि इकडे गवत वाढत असतं. बऱ्याचदा खरा दोष निघतो तो सायलेन्सरच्या तोंडाशी बसवलेल्या तारेच्या बारीक जाळीत. जेमतेम नाण्याएवढी असते ती. ठिणगी उडून सुकं गवत पेटू नये म्हणून कंपनीने बसवलेली. तेलकट काजळीने तिची भोकं बुजतात, जळलेला वायू बाहेर पडू शकत नाही आणि तो बाहेर पडला नाही तर नवं मिश्रण आत यायला जागाच राहत नाही. एक-दोन स्क्रू काढायचे, जाळी बाहेर घ्यायची, तारेच्या ब्रशने घासायची आणि परत बसवायची. चहा उकळेपर्यंत होणारं काम. यंत्र विकताना ही जाळी उघडून दाखवणारे दुकानदार मात्र फार थोडे.

याच्या बरोब्बर उलटा प्रकार शहरात दिसतो. तिथे स्कूटर किंवा मोटार सर्व्हिसिंगला दिली की काउंटरवरून विचारणा होते, “साहेब, डिकार्बनायझिंग करून घ्यायचं का? ऑफर आहे.” गाडीला त्रास काय आहे, हे त्याआधी कुणी विचारलेलं नसतं. इंजिन उघडलेलं नसतं, आत कुणी डोकावलेलं नसतं. एक यंत्र आणून लावतात, अर्धा-पाऊण तास गाडी जागेवर चालू ठेवतात आणि बिलात एक ओळ वाढते. जिथे कार्बनमुळे खरोखर काम अडतं, तिथे तो काढायचा कसा हे कुणी शिकवत नाही, आणि जिथे त्याची अडचण बहुधा नाहीच, तिथे तो काढून देण्याचा धंदा जोरात चालतो. हे उलटं झालं आहे आणि ग्राहकाने ते निमूटपणे चालवून घेऊ नये.

आधी हा कार्बन येतो कुठून, ते पाहायला हवं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगं. पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर सगळं जळून त्याचा वायू आणि वाफ होते. हवा कमी पडली, इंजिन थंड राहिलं किंवा मिश्रणात तेल शिरलं की अर्धवट जळालेला भाग मागे उरतो. तो आधी ओलसर काजळीच्या रूपात बसतो, मग त्यावर तेलाचा थर चढतो, तो भाजला जातो, त्यावर पुन्हा थर. लोखंडी तव्याच्या कडेला वर्षानुवर्षं जळलेलं तेल जसं नखाने निघत नाही, तसा हा थर शेवटी होतो. पिस्टनचा माथा, हेडचा आतला भाग, रिंगांच्या खाचा, एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर या त्याच्या ठरलेल्या जागा.

लहान इंजिनाला त्याचा त्रास जास्त का होतो, हे साध्या गणिताने कळतं. ३५ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या, कॉम्प्रेशन रेशो ८. पिस्टन अगदी वर गेला की हेडखाली उरणारी जागा भरते फक्त ५ सीसी, म्हणजे एक चहाचा चमचा. त्यात अर्धा सीसी कार्बन बसला तर रेशो ८ वरून पावणेनऊच्या थोडा वर चढतो. आता १२०० सीसीची चार सिलिंडरची मोटार घ्या. रेशो १० धरला तर तिच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये ही जागा सुमारे ३३ सीसी येते. तिथे अर्ध्या सीसीचा पत्ताही लागत नाही. शिवाय कार्बनचा थर उष्णता धरून ठेवतो, त्याचा एखादा टवका निखाऱ्यासारखा तापतो आणि प्लगची ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. चढावर इंजिनातून खडखड आवाज येतो तो यामुळेही असू शकतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये आणखी एक गंमत दिसे. चावी बंद केली तरी इंजिन धडधडत, गचके खात काही क्षण चालूच राही.

टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट वेगळी, कारण तिथे तेल पेट्रोलबरोबरच जळतं. वंगणाचा वेगळा साठा खाली नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच बेअरिंग आणि पिस्टनला मिळतं आणि मग ज्वलनकक्षात जातं. आजच्या बहुतेक ग्रास कटर आणि चेनसॉला एकास पन्नास हे प्रमाण सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला २० मिली तेल. प्रत्यक्षात बागेत हे माप बाटलीच्या झाकणाने पडतं. झाकण किती मिलीचं, हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि “दोन थेंब जास्त पडले तर मशीनचं आयुष्यच वाढेल” या समजुतीने हात सैल सुटतो. जास्तीचं तेल जळत नाही, ते पोर्टात आणि जाळीत जाऊन बसतं. त्यात आणखी एक मेख आहे. जेटच्या भोकातून जाणाऱ्या मिश्रणात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, म्हणजे इंजिन हवेच्या मानाने किंचित उपाशी चालतं आणि जास्त तापतं. तेल कमी पडलं तर मात्र मशीन सीझ होतं, पिस्टन बोअरमध्ये धरतो, आणि ते नुकसान कार्बनपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून भीतीचा काटा नेहमी जास्तीकडेच झुकतो. बाजारात वीस-पंचवीस रुपयांना मिळणारी औषधाची मापाची सिरिंज हा प्रश्न कायमचा सोडवते.

ही सैल हाताची सवय जुनी आहे. बजाज ऑटोने १९७२ मध्ये आणलेली चेतक स्कूटर २०००च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत होती. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या तिच्यावर वाढल्या, आणि त्या दोन्ही पिढ्यांनी पेट्रोल पंपावर टू-टी तेलाच्या हातपंपाची खटखट ऐकली आहे. पंपावरचा पोऱ्या तेल सोडे आणि स्कूटर दोन्ही बाजूंना हलवून ते पेट्रोलमध्ये मिसळायचं काम मालकाचं. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये तेलाची टाकी वेगळी होती आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे तेल सोडणारा पंप होता, त्यामुळे तिचे मालक या भानगडीतून सुटले. बाकीच्यांच्या मागे निळा धूर होता. तो इतका वाढला की १९९८च्या अखेरीस दिल्लीत पंपांवर सुटं टू-टी तेल विकण्यावर बंदी आली आणि मोजून मिसळलेलं पेट्रोलच देणं सक्तीचं झालं. पुढे कमी धूर करणारं टू-टी तेल आलं. तरीही ‘थोडं जास्त बरं’ ही वृत्ती स्कूटरवरून उतरून ग्रास कटरच्या टाकीत जाऊन बसली.

त्या काळातल्या मिस्त्र्यांकडे डिकार्बन हे खरंखुरं काम होतं. स्कूटरची बाजूची पत्री उतरवायची, पंख्याचं आवरण सोडवायचं, हेडचे चार नट काढायचे. पिस्टन वर आणायचा आणि त्याच्या कडेने ग्रीसची बारीक रेघ ओढायची, म्हणजे खरवडताना निघणारे टवके बोअरमध्ये न घसरता ग्रीसला चिकटतात. खरवडायला पोलादी पटाशी चालत नाही. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर ओरखडा पडला की पुढच्या वेळी कार्बन तिथेच आधी धरतो. म्हणून लाकडाची चीप, पितळेची पट्टी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. रिंगा अडकल्या असतील तर सिलिंडर उतरवायचा, रिंगा काढायच्या आणि जुन्या रिंगेचा मोडलेला तुकडा घेऊन त्याच्याच टोकाने खाच साफ करायची. मापाने त्याच्याइतकं नेमकं बसणारं हत्यार दुसरं नाही. शेवटी सगळं रॉकेलने पुसून, नवं पॅकिंग घालून हेड आवळायचं, तेही समोरासमोरचे नट थोडेथोडे करत.

फोर-स्ट्रोक इंजिनं खोलणाऱ्या जुन्या लोकांची आणखी एक युक्ती होती. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन काढायचा, पण अगदी कडेचा चिंचोळा गोल तसाच ठेवायचा. झिजलेल्या इंजिनात तो गोल तेल वर चढू देत नाही. त्यासाठी पिस्टनवर जुनी रिंग ठेवून तिच्या आतल्या बाजूनेच खरवडत. सगळा कार्बन वाईट, हा समज त्यांचा नव्हता.

राहिला सायलेन्सर. चेतकचा सायलेन्सर म्हणजे बंद डबा, तो आतून खरवडता येत नाही. तो कोळशावर किंवा ब्लो लॅम्पखाली लाल होईपर्यंत तापवत, म्हणजे आतला कार्बन स्वतःच पेट घेई. धूर इतका घाणेरडा की शेजारचे दुकानदार शिव्या घालत. काही जण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सायलेन्सर भिजवत. लोखंडाला ते चालतं, पण तोच सोडा अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला लागला तर धातू खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. हल्ली घरबसल्या व्हिडिओ पाहून हेडच सोड्यात बुडवणारे उत्साही लोक दिसतात, त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

सायलेन्सर लाल करावा लागे, या एका गोष्टीत आजच्या डिकार्बन मशीनचं बरंचसं उत्तर आहे. काजळीला हवेत स्वतःहून जळायला साधारण साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी पकडणारा जो फिल्टर असतो, तो साफ करण्यासाठीही गाडीचा संगणक तापमान सहाशेच्या आसपास नेतो. पिस्टन ज्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो, ते शुद्ध रूपात ६६० अंशाला वितळतं. याचा अर्थ, पिस्टनच्या माथ्यावरचा जुना, घट्ट थर जाळून टाकण्याइतका तो माथा तापला तर पिस्टनच धोक्यात येईल. न्यूट्रलमध्ये, जागेवर उभी राहून फुरफुरणाऱ्या गाडीचा पिस्टन त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

बाजारात सध्या जोरात असलेली यंत्रं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार करतात आणि तो वायू इंजिनाच्या हवेच्या नळीत सोडतात. हा वायू आत जाऊन कार्बन विरघळवतो किंवा जाळतो, असं सांगितलं जातं. पण सिलिंडरमध्ये पेट्रोलची ज्योत दोन हजार अंशांच्या वर जातच असते आणि तिच्याखालीच तो थर वाढलेला असतो, कारण भिंतीलगतचा पातळ पट्टा थंड राहतो. त्यात थोडा हायड्रोजन आणखी जळला म्हणून तो पट्टा तापेल, हे पटायला जड जातं. ताजी, मऊ काजळी थोडीफार सुटतही असेल. पण तेवढी काजळी तर गाडी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर नीट ताणली तरी सुटते. “खंबाटकी चढवून आणली की गाडी मोकळी होते” हे ट्रकवाल्यांचं आणि जुन्या स्कूटरवाल्यांचं म्हणणं भाबडं नव्हतं. भाराखाली इंजिन तापतं, आतले पृष्ठभाग तापतात आणि सैल थराचे पोपडे निघतात. त्याचे पैसे पडत नाहीत, पेट्रोल तेवढं लागतं.

प्लगचंही असंच आहे. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. त्याखाली ती साचत राहते. सकाळी चोक ओढून स्कूटर काढायची, दोन गल्ल्या पलीकडच्या डेअरीतून दूध आणायचं, मुलाला शाळेत सोडायचं आणि गाडी परत लावायची, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांचा प्लग काळा पडणारच. यात गाडीचा दोष नाही.

ही सेवा विकणारे बहुतेकदा एका खऱ्या समस्येचा दाखला देतात. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या मोटारींत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर खरोखरच जाड थर चढतो. साध्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत जातं आणि त्यातली डिटर्जंट रसायनं व्हॉल्व्ह धूत राहतात. थेट फवारणीत ते घडत नाही आणि टाकीत कितीही बाटल्या ओतल्या तरी ते औषध व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही. तिथे इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या दाबाने मारतात आणि ती पद्धत चालते. पण या सगळ्याचा आपल्या रस्त्यावरच्या ११० सीसीच्या स्कूटरशी संबंध काय? १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नेहमीच्या वापरातल्या स्कूटर-मोटारसायकली कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर आल्या, पण हे इंजेक्शन इनटेकच्या वाटेत असतं, व्हॉल्व्हच्या आधी. त्यांचे व्हॉल्व्ह धुतले जातात. मोठ्या गाडीचा आजार दाखवून लहान गाडीला औषध विकायचं, असा हा प्रकार.

बाटल्यांबद्दल मात्र सरसकट नाक मुरडायचं कारण नाही. पॉलिइथरअमाइन या वर्गातली रसायनं व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरवरचे थर हळूहळू काढतात, हे मान्य झालेलं आहे. अमेरिकेत १९९५पासून पेट्रोलमध्ये ठरावीक किमान डिटर्जंट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनधारकांच्या संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत, जास्त कसोटीच्या ‘टॉप टिअर’ पेट्रोलच्या तुलनेत साध्या पेट्रोलने इंजिनात १९ पट थर साचवला, तोही ४,००० मैलांएवढ्या धावेत. आपल्याकडे भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’ किंवा हिंदुस्तान पेट्रोलियमचं ‘पॉवर’ यांसारखी पेट्रोलं याच हेतूने रसायनं घालून विकली जातात. अधूनमधून एखादी टाकी भरायला हरकत नाही. ऑक्टेन आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं समजून घ्यावं. नुसतं ऑक्टेन जास्त असलं म्हणून पेट्रोल इंजिन धूत नाही.

पेट्रोलच अशुद्ध असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देऊनही ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलं जात होतं, कारण दोन्हींच्या दरांतला फरक मोहात पाडणारा होता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. भेसळीची इंजिनातली खूण म्हणजे काळा, तेलकट प्लग आणि वारंवार भरणारा कार्बन. रॉकेल पेट्रोलइतकं सहज वाफ होत नाही, त्याचे थेंब अर्धवट जळतात. भारनियमनाच्या वर्षांत दुकानांबाहेर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे छोटे जनरेटर असत, त्यांच्या मालकांना हे पाठ होतं. दोन ट्यूब आणि एका पंख्याच्या हलक्या लोडवर तासन्‌तास चाललेला जनरेटर कार्बनने भरायचा. शहाणा दुकानदार बंद करण्याआधी तो काही मिनिटं परत पेट्रोलवर चालवायचा. आता रॉकेल रेशनवरून जवळजवळ गेलं आणि तो मोहही कमी झाला.

सध्या सगळा राग इथेनॉलवर निघतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने गाडीत कार्बन होतो, असं ठासून सांगणारे भेटतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, ते उलट कमी काजळी करतं. त्याचा त्रास वेगळ्या ठिकाणी आहे. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम खराब करतं आणि यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिलं तर कार्बोरेटरची भोकं बुजवणारा चिकट राप मागे उरतो. अमेरिकेतले लहान इंजिनांचे अनेक उत्पादक १० टक्क्यांच्या वर इथेनॉल नको म्हणतात. वर्षातून दोन महिने वापरायच्या ग्रास कटरला हा धोका खरा आहे, आणि त्यावर इलाज आहे तो हंगाम संपताच टाकी रिकामी करून उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवण्याचा. डिकार्बन करून तो राप जाणार नाही.

इथे सरकारचाही एक मुद्दा निघतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून २०१४-१५पासून शेतकऱ्यांना अवजारांवर ४० ते ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज होतात. अनुदानाच्या कागदपत्रांत आधार आहे, सातबारा आहे, जीएसटीचं बिल आहे. विक्रेत्याने शेतकऱ्याला मशीन उघडून दाखवलं का, तेलाचं माप दिलं का, याचीही त्यात एक अट असायला हवी. अनुदानाची रक्कम सोडण्याआधी विक्रेत्याकडून अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक सक्तीचं केलं, तर सरकारच्या खिशाला फारसा भार नाही. त्यात जाळी, एअर फिल्टर, प्लगचा रंग आणि तेलाचं प्रमाण एवढ्या चारच गोष्टी शिकवल्या तरी हंगामात दुकानांपुढची रांग निम्मी होईल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची मुलं असतात, अवजारं असतात. बागायतदारांची यंत्रं त्यांच्यापुढे आली तर मुलांचाही हात बसेल. बॅटरीवरचे कटर आले आहेत खरे, पण वीज नसलेल्या कातळावर दिवसभर बेणणी करणाऱ्याला अजून काही वर्षं तरी पेट्रोलच लागणार.

शहरातल्या वाहनधारकाने काय करावं, ते याहून सोपं आहे. डिकार्बनची गरज आहे असं कुणी म्हणालं की आधी प्लग काढून दाखवायला सांगावा. टोक करडं किंवा फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल नीट जळतंय, पुढचं बोलणं तिथेच थांबवावं. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा गाडी फार थोडं अंतर चालते. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टर तुंबला तरी हेच होतं. काळं आणि ओलं तेलकट असेल तर गाडी ऑइल खाते. अशा वेळी आतून कितीही धुतलं तरी दोन-चार महिन्यांत तीच अवस्था येणार, कारण रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेलेली असतात आणि खर्च तिथे करायचा असतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगावं. प्लगच्या भोकात गेज घालून किका मारायच्या, काटा कुठे थांबतो ते पाहायचं आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचं. आकडा सांगितलेल्यापेक्षा वर गेला तर आत जागा कमी झाली आहे, म्हणजे कार्बनचा संशय खरा. खाली आला तर चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडून पुन्हा मोजतात. आता आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत किंवा कार्बनने अडकल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. ज्या गाडीला किक नाही तिचा स्टार्टर वापरायचा. मोबाइलला जोडायचे छोटे बोअरस्कोप आता ऑनलाइन हजार-दीड हजारांत मिळतात, त्याच भोकातून तो आत घातला की पिस्टनचा माथा स्क्रीनवर दिसतो. ज्या सेंटरला डिकार्बनचं महागडं यंत्र परवडतं, त्याला हे दोन्ही परवडायला हरकत नसावी.

आणि आत खरंच थर सापडला तर हेड उतरवून तो काढण्याची मजुरी द्यायला कुरकुर करू नये. त्यात मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो, पॅकिंग नवं लागतं, व्हॉल्व्ह तपासून होतात. आपल्याकडचा ग्राहक मशीन लावायचे बाराशे रुपये हसत देतो आणि हाताने केलेल्या कामाचे आठशे देताना घासाघीस करतो. अशाने हेड उघडणारे मिस्त्री कमी होतात आणि पाइप लावणारे वाढतात. मशीनच लावायचं असेल तर आधीचा आणि नंतरचा कॉम्प्रेशनचा आकडा बिलावर लिहून मागावा, जमलं तर पिस्टनचे दोन फोटोही. सेंटरने त्याला नकार दिला, तर ते पैसे एअर फिल्टर, प्लग आणि इंजिन ऑइल बदलण्यावर घालावेत; तिन्ही येऊन वर काही रुपये परत मिळतील.